वरवंडच्या गुऱ्हाळात दोरीपलीकडचं चिपाड

"ताई, उद्या भट्टीची चाचणी घ्यायला येणाऱ्या सरकारी साहेबांना शिरूरहून तूच घेऊन ये. मला गुऱ्हाळ सोडता येत नाही." धाकट्या भावाचा, सुधाकरचा, फोन आला आणि माझ्या सुट्टीच्या बेतावर पाणी पडलं. वरवंडला त्याचं गुळाचं गुऱ्हाळ. इंधन कमी खाणारी नवी भट्टी बांधायला निम्मा खर्च सरकार देणार होतं, निम्मा त्याचा. त्यासाठी पठ्ठ्यानं ट्रॅक्टर विकला! पण सरकारी वाटा मिळणार तो भट्टी चाचणीत पास झाली तरच. नाहीतर गुऱ्हाळाला कुलूप.

सकाळची एसटी पकडली. रांजणगावला कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता अडवलेला, शिरूरला पोचायला उशीर झाला. साहेब स्टँडवर घड्याळ बघत उभे. पुढे न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जीप. जाणार असाल तर ऐकून ठेवा: भाडं एसटीएवढंच, पण खच्चून भरल्याशिवाय जीप हलत नाही. न्हावऱ्यात मी गरम भजी हाणली. साहेबांनी घेतला नुसता बिनसाखरेचा चहा. गुळाच्या भट्टीच्या चाचणीला निघालेला माणूस! मला धडकीच भरली.

चौफुल्याहून वरवंडला पोचलो तर काहिलीत, म्हणजे त्या भल्या मोठ्या कढईत, रस ओतून तयार. जुन्या भट्टीला एका काहिलीमागे जेवढं चिपाड, म्हणजे पिळलेल्या उसाचा वाळका चोथा, लागायचं, तेवढं साहेबांनी तोलून घेतलं. त्यातला नव्या भट्टीनं वाचवायला हवा तेवढा हिस्सा दोरी लावून वेगळा केला.

"गूळ होईपर्यंत दोरीपलीकडे हात लागला, तर आमचा वाटा विसरा."

जाळ घालायला भिवामामा बसले. आमच्या वडिलांच्या वेळेपासून हे काम त्यांचंच. त्यांनी असं काही चिपाड कोंबलं की भट्टी गरजायला लागली! अलीकडचा ढीग भराभर खाली बसत होता. सुधाकरचा चेहरा पार उतरला, पण बोलणार कसा? आमच्या गुऱ्हाळाचा रिवाज असा, की रस उकळायला लागला की मालकानं जाळ घालणाऱ्याला शब्द बोलायचा नाही. बोलला की तो उठून गेलाच म्हणून समजा.

मालकाच्या बहिणीनं बोलू नये, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, अहो किती घालताय? कमी घालायचं, सांगितलं नाही का कुणी?"

"सांगितलं हाय की, आक्का. पर पाव्हणं आल्यात. बारीक जाळ दिसला तर म्हनत्याल, मालकाचं चिपाड सरलं. आपली अब्रू हाय का न्हाई?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "मामा, या पाहुण्याला जाळ नाही, ढीग बघायचाय! दोरीला हात लागला तर गुऱ्हाळ बंद. जेवढं उरेल तेवढी आपली अब्रू."

मामांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावली. मग मामांनी हातातलं चिपाड खाली ठेवलं.

त्यानंतर मूठ मूठ. उकळी मंदावली, माझा जीव टांगणीला. पुन्हा उसळली. अलीकडचं शेवटचं चिपाडही आत गेलं, गूळ अजून व्हायचा होता. मामा रिकामे हात मांडीवर ठेवून बसले. भट्टीच्या तापल्या विटांवर पाक घट्ट होत गेला. सुधाकरनं थोडा पाण्यात टाकून बोटांनी दाबून पाहिला.

"उतरवा!" तो ओरडला. दोरी होती तशीच होती. मला चक्क रडू आलं.

आणलेला गूळ घरी कधीच संपला. परवा सुधाकरचा फोन होता, सरकारी वाटा आला, दुसरी भट्टी बांधायला घेतलीय. गेलात तर लिंबू पिळलेला रस फुकट मिळेल, गूळ विकत. पण आधी भिवामामांच्या तावडीत सापडाल. हल्ली ते पाहुण्याला जाळाकडे फिरकूच देत नाहीत. हाताला धरून थेट मागं नेतात, उरलेलं चिपाड दाखवायला.