आयोनीची वाकडी झालर

जमैकातल्या त्या डोंगरगावात नवरी चर्चला चालत निघाली की बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहत. पोशाखात खोट दिसली की तोंडावर सांगत, "परत जा, नीट होऊन ये." मग नवरीला घरी फिरावंच लागे. आयोनीने उभा जन्म नवरीचे पोशाख शिवले, पण तिने शिवलेल्या पोशाखातली नवरी कधी परत फिरली नव्हती.

शर्लीनचं लग्न बापाने म्हाताऱ्या दुकानदाराशी ठरवलं. माप द्यायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मिस आयोनी, खालची झालर वाकडी लावा. मला एकदा परत पाठवू देत, मग आतून कडी घालते आणि उघडतच नाही."

आयोनीने झालर वाकडी लावली.

लग्नाच्या दिवशी ती गर्दीत उभी राहिली. शर्लीन जवळ आली तशी फळवाली डेलोरिस म्हणाली, "अगं, हे एका बाजूने वर चढलंय की."

आयोनीचा जीव भांड्यात पडला.

"गप गं," शेजारीण म्हणाली. "आयोनीच्या हातचं आहे ते. नवी फॅशन असेल. तुला काय कळतंय?"

"चुकलंय ते," आयोनी मोठ्याने म्हणाली. "माझा हात चुकला."

बायका हसल्या. "बघा, स्वतःचं कौतुक करून घेणं हिला कधी जमलंच नाही," डेलोरिस म्हणाली. "माझ्या पोरीलाही असंच शिव हो."

शर्लीनने एकदा आयोनीकडे पाहिलं. बायकांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली, ती चर्चच्या दिशेने.