हात चालूच होता

मुग्धाचा हात सुरेख चालतो. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, कुठे अडखळणं नाही. ईएमडीआर उपचारात समोरचा माणूस जुना आघात आठवत थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवतो. मुग्धा हे नुकतीच शिकली आहे, आणि पेशंटच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येते.

"मॅडम, वेग बरोबर आहे ना? बोटं दोन धरू की तीन?"

पुन्हा तेच! माझ्याकडे येणारी ही सगळी हुशार मंडळी बोटांबद्दलच विचारतात. कुणाला वेगाची काळजी, कुणाला खुर्च्यांमधल्या अंतराची. समोर बसलेल्या माणसाबद्दल कुणी विचारील तर शपथ!

"अगं, वेग गेला खड्ड्यात. तो कुठे बघतोय?"

तिनं रेकॉर्डिंग मागे नेलं. अपघातातून वाचलेल्या त्या माणसाची नजर बोटांवरून कधीच सुटली होती. श्वास रोखून तो दाराकडे एकटक बघत होता. मुग्धाचा हात मात्र चालूच होता, आणि तिची नजर स्वतःच्याच बोटांवर.

आपलं सगळ्यांचंच असं होतं की काय, कोण जाणे. पंगतीत आग्रह करताना आपलं लक्ष वाढण्याकडे असतं, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नसतं. "कशी आहेस?" हे इतकं छान विचारतो की उत्तर ऐकायचं राहून जातं.

मुग्धा पडद्याकडे झुकून हळूच म्हणाली, "अहो, कुठे आहात तुम्ही आत्ता?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ऐकायला तो माणूस तेवढा तिथे नव्हता.