फोटोग्राफरचा थ्री

पासपोर्टचे फोटो काढता काढता फोटोग्राफरचे केस पांढरे झाले, पण बटण दाबण्याआधीचं त्याचं "वन, टू, थ्री" काही बदललं नव्हतं. मग घरात सून आली. ती कॉलेजात इंग्रजीचे उच्चार शिकवायची. एकदा दुकानात डबा द्यायला आली आणि मोजणी ऐकून तिला राहवलं नाही.

"बाबा, तुमचा थ मराठी आहे. आपण जीभ दातांमागे टेकवून हवा अडवतो आणि एकदम सोडतो. इंग्रजीत जिभेचं टोक दातांच्या मधे ठेवायचं आणि फटीतून हवा नुसती जाऊ द्यायची."

फोटोग्राफरने हे फारच मनावर घेतलं. जो येईल त्याच्यापुढे जीभ काढून झोकात "थ्री" म्हणू लागला.

त्याची बायको आतल्या खोलीत फोटो छापून कापायची. एका दुपारी ती कात्री हातात घेऊनच बाहेर आली.

"अहो, ही माणसं कोणाला वेडावून दाखवतायत?"

बँकेचे मॅनेजर, नर्सबाई, मिशाळ वकीलसाहेब, सगळ्यांच्या दातांतून जिभेचं टोक डोकावत होतं. गिऱ्हाइकं फोटोग्राफरच्या तोंडाकडे बघून नकळत तसंच करत होती. त्याचं स्वतःच्या जिभेकडे इतकं लक्ष, की समोरच्याची दिसलीच नव्हती.

सगळ्यांना परत बोलवावं लागलं. सुनेने सुचवलं, टूवरच बटण दाबा. तर ओठांचे चंबू आले. वकीलसाहेब गरम चहावर फुंकर घालत असल्यासारखे दिसत होते.

तिसऱ्यांदा आले तेव्हा ते म्हणाले, "काका, मोजूच नका. बोट वर करा, मला कळेल."

तेव्हापासून दुकानात बोटावर भागतं. हौस फक्त घरी. परवा सुनेने बटरपेपरची पट्टी तोंडासमोर धरायला लावली.

"'पिन' म्हणा. सुरुवातीचा प फुंकरीचा, पट्टी हलली पाहिजे. 'स्पिन'मधला बिनफुंकरीचा. इंग्रजांना दोन्ही सारखेच वाटतात. आपल्याकडे तेवढ्यावर 'पळ'चं 'फळ' होतं."

फोटोग्राफरची पट्टी दोन्ही वेळा गप्प. बायकोने सहज करून पाहिलं. पिनला पट्टी उडाली, स्पिनला जागची हलली नाही.

"बरोबर, आई," सून म्हणाली.

"पंख्याचा वारा आहे तो," फोटोग्राफर म्हणाला आणि त्याने पंखा बंद केला.

पट्टी पुन्हा उडाली. मग त्याला एकदम वाटलं, दुकानाचं शटर नीट लागलंय का ते बघून यावं.