‘नाय’ आणि ‘नाही’

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटचं वॉशिंग मशीन वृत्तात धूत नाही. कपडे पिळताना तीन ठोके व्यवस्थित टाकतं आणि चौथा अर्धी मात्रा उशिरा... संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाने हे किती दिवस सोसावं?

टेक्निशियन दोनदा येऊन गेला. ‘सर, मशीन ओके’ म्हणाला. लघु-गुरू त्याच्या वॉरंटीत बसत नाहीत.

हे दुःख मी गेल्या महिन्यात मराठी मंडळाच्या खोर फक्कानच्या समुद्रसहलीत, बसमधल्या शेजाऱ्याला सांगितलं. फोनवर रेकॉर्डिंगही ऐकवलं (हो, माझ्याकडे आहे). त्यांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. "हबीबी, मशीन बरोबर हाय. ह्याला स्विंग म्हणतात. पोरं पैसे देऊन शिकतात हे!"

हे रफीकभाई. मूळ दाभोळच्या खाडीकाठचे, वय साठ. मंडळाच्या कार्यक्रमांना स्पीकर तेच आणतात म्हणून मी त्यांना इतकी वर्षं स्पीकरवालेच समजत होतो... गृहस्थ निघाले रॅपर!

डोंगर संपून समुद्र दिसेपर्यंत सगळी कारकीर्द ऐकली. विशीत दुबईला आले. आठवडाभर दैरा भागात कार्गोचे कागद रंगवायचे आणि शुक्रवारी ब्रेकडान्सच्या पार्ट्यांत माइक धरायचा. नाव घेतलं होतं ‘एमसी खाडी’. ऐकणाऱ्यांना वाटायचं दुबईची क्रीक, ह्यांच्या मनात दाभोळची.

साठवलेल्या पगारातून ड्रम मशीन घेतलं, करामा भागात एका खोलीचा स्टुडिओ थाटला. मग स्वतःचा आवाज मागे पडला आणि दुसऱ्यांसाठी बीट्स सुरू झाल्या. फिलिपिनो, पाकिस्तानी, मल्याळी... ज्याला जी भाषा, त्याला तसा ठेका. पुढे पोरं फोनवरच गाणी बनवायला लागली आणि रफीकभाईंकडे सुपरमार्केटच्या जाहिराती उरल्या.

आता व्हिसा कॅन्सल करून ते कायमचे गावी निघाले होते. गावी कोण आहे, विचारलं. आईवडील गेले, बायको गेली, मुलगा कॅनडात. "घर हाय ना!" म्हणाले.

जाण्याआधी त्यांना एकच गाणं करायचं होतं. चाळीस वर्षांत जे रॅप केलं ते इंग्लिश आणि हिंदीत, आपल्या बोलीत एकदाही नाही... हे मुलासाठी होतं. पण शाळा उर्दू, मराठी फक्त बोललेली. "चुका काढा शास्त्रीबुवा. शेवटचं गाणं हाय, लाज नको जायला."

चुका काढा! मला असं कुणी आपणहून म्हणत नाही. मी लाल पेन घेऊन रात्री बसलो. त्यांनी लिहिलं होतं:

घर हाय, दार हाय, हाक द्यायला कोण नाय.
दर्या हाय, होडी हाय, वल्हवायला कोण नाय.

माझ्या कृपेने ते झालं ‘घर आहे, दार आहे, हाक द्यायला कोणी नाही’. पानभर ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘नाय’चं ‘नाही’ केलं. समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू...

शनिवारी स्टुडिओत गेलो. रविवारची त्यांची फ्लाइट, निम्म्या वस्तू खोक्यांत भरलेल्या. खरंखुरं ड्रम मशीन बघायला मिळेल म्हणून माझी मुलगी ऋचा सोबत आली होती, वय पंधरा.

रफीकभाई हेडफोन लावून उभे राहिले आणि पहिल्याच ओळीला अडखळले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी श्वासच पुरला नाही. "सॉरी सॉरी... वय झालं, खलास!" म्हणत त्यांनी हेडफोन काढला आणि वायर गुंडाळायला घेतली. दोष माझा आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

ऋचा तो कागद बघत होती. "अंकल, कॅन यू डू द ओल्ड वन? अंडर द रेड?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चक्क परवानगी मागितल्यासारखं! मी मान हलवली. मग लाल शाईखालचं वाचत सुरुवात केली आणि त्या साठ वर्षांच्या माणसाचा आवाज ठेक्यावर असा बसला, जसा दरवाजा चौकटीत बसतो. ‘कोण नाय’ला प्रत्येक वेळी खोली गप्प व्हायची आणि पुढचा ठोका पडायचा. एका दमात संपवलं.

"तुमचं ‘नाही’ दोन पावलं टाकतं, शास्त्रीबुवा," डोळे पुसत हसले. "आमचं ‘नाय’ एकाच पावलात पोचतं."

खरं होतं. लिहायला दोन अक्षरं, म्हणायला एकच ठोका. आयुष्यभर मात्रा मोजणाऱ्या मला हे ऐकू आलं नव्हतं. रात्री गाणं कॅनडाला गेलं, रविवारी रफीकभाई दाभोळला.

शनिवारी परतताना मेट्रोत ऋचा खिडकीशी गुणगुणत होती... ‘हाक द्यायला कोण नाय’. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं मराठी. आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? ‘कोणी नाही, बाळा.’ कसंबसं गिळलं.

लहानपणी ती भरभरून मराठी बोलायची. ‘माझी डबा कुठे आहे?’ म्हणाली की मी ‘माझा डबा’ म्हणायचो. प्रत्येक वाक्याला. हळूहळू ती इंग्लिशमध्ये गेली, कारण तिथे मी चुका काढत नाही.

आजवर मी शाळेला दोष दिला, दुबईला दिला. आमच्या घरातलं मराठी मीच बंद पाडलं असेल, याची आता मला खरोखर भीती वाटते.