पायाखालचे दोन ब्रेक

नवी मोटारसायकल घ्यायची ठरली तेव्हा मी वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बावीस वर्षं काढली की दोन खिळे घ्यायचे असले तरी यादी होते. नवरा हसला नाही, त्याला सवय आहे. लेक मात्र म्हणाली, "मम्मी, आता बाइकची पण जन्मपत्री?"

माझ्या यादीत सगळ्यात वर होता कॉम्बी-ब्रेक. पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचंही चाक आपोआप थोडं धरतं. आमच्या घराला हवा होता तोच, कारण मागे लेक बसणार होती आणि आमच्याकडे पुढच्या ब्रेकला कुणी हातच लावत नाही. सासऱ्यांनी तिन्ही मुलांना गाडी शिकवली ती पुढच्या ब्रेकचा लिव्हर सुतळीने बांधून. "पुढचा दाबलात की तोंडावर आपटाल," हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं शिक्षण. त्यामुळे नवरा तीस वर्षं फक्त पायाने गाडी थांबवत आला. मी स्कूटरवाली, मला ते अर्धवट वाटायचं. बोलून उपयोग नव्हता. म्हटलं, माणूस बदलत नसेल तर गाडी बदलू.

तोट्यांच्या बाजूला मी एकच ओळ लिहिली होती: दोन्ही ब्रेकची जुळवणी वरचेवर तपासावी लागेल.

गाडी आली. सकाळी लेकीला प्रेम नगरहून सिव्हिल लाइन्सच्या कॉलेजात सोडायचं आणि तिथून ऑफिस गाठायचं, हे नवऱ्याचं कामच होतं. कामापेक्षा जास्त होतं खरं तर. ती वीस मिनिटं त्या दोघांची. घरी एकमेकांशी चार वाक्यं न बोलणारे हे दोघे हेल्मेटमधून ओरडत काय काय बोलत जायचे. संध्याकाळी लेकीच्या तोंडून बापाच्या ऑफिसातल्या बातम्या मला कळायच्या.

तीन आठवड्यांनी नवरा लेकीला म्हणाला, "आता ऑटोने जात जा गं. मला लवकर जावं लागतं."

लेक तिच्या नेहमीच्या हिंदीत "ठीक है" म्हणाली आणि खोलीत गेली. दोन दिवसांनी भांडी पुसताना तिने हळूच विचारलं, "मम्मी, बाबा मुझसे बोर हो गए क्या?"

मी म्हटलं, ऑफिसचं काम असेल. पण तो निघत होता नेहमीच्याच वेळी. मी घड्याळ पाहिलं होतं.

रविवारी माझी गाडी तपासायची वेळ असते: हवा, चेन, तेल, दिवे, ब्रेक. गाडी मधल्या स्टँडवर लावून लेकीला मागे वजन टाकायला सांगितलं. पुढचं चाक उचललं गेलं. ते हाताने फिरवलं आणि पायाचा ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. पुन्हा दाबला. तेच. हाताचा लिव्हर दाबला तर लगेच थांबलं. म्हणजे दोन ब्रेक जोडणारी वायरच ढिली.

तशीच सदर बाजारात मिस्त्रीकडे नेली. आवाज चढवायच्या तयारीनेच गेले होते.

"नई गाड़ी और ये हाल, भैया?"

मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि हसला. "भाभीजी, ये तो भाईसाहब ने खुद ढीला करवाया है। मैंने मना किया था। बोले, बिटिया पीछे बैठती है।"

मी कॉम्बी-ब्रेक लेकीसाठीच घेतला होता, आणि त्याने तो लेकीसाठीच सोडवला होता!

घरी आल्यावर चहा ठेवला आणि विचारलं. आधी उडवाउडवी झाली. मग त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. नडगीवर वीतभर खरचटलेलं, खपली धरलेलं. इतके दिवस फुलपँट-पायजम्यात लपवलेलं.

"अहो!"

"ओरडू नकोस. ती ऐकेल. तिला सोडून वळलो, रस्ता खोदलाय ना तिथे. गिट्टी होती. पाय ठेवला तसं पुढचं चाकच सरकलं. दहा मिनिटं आधी ती मागे बसली होती गं. वायर सोडवली तरी तिला परत बसवायची हिंमत होईना."

"मग सांगायचं नाही?"

"तू यादी करून घेतलीस. तुला काय सांगू, तुझ्या यादीतली पहिली वस्तूच मला पाडते म्हणून?"

हे मला लागलं. गाडी चालवणार तो होता आणि यादी करताना मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. वही काढून उजव्या बाजूला लिहिलं: सुट्या खडीवर, वळणात, पुढचं चाक सरकू शकतं. मग त्याच्यापुढे ठेवली. "अजून काय? तुम्ही सांगा."

त्याने चष्मा लावला. "पेडल जड लागतं. आणि मागचाच ब्रेक हवा असला तर मिळत नाही, हे लिही."

लिहिलं. मग विचारलं, "वळणात पाय कुठे होता?"

"ब्रेकवर. नेहमी असतो."

"वळून होईपर्यंत?"

त्याने मान हलवली. जुन्या गाडीवर ते खपून जायचं. या गाडीवर तोच पाय पुढचं चाकही धरून ठेवत होता.

पुढच्या रविवारी सकाळी तिघं मोकळ्या मैदानावर गेलो. लेकीला सगळं सांगूनच नेलं. तिने बापाची नडगी पाहिली आणि त्याचं हेल्मेट स्वतःच्या हाताने बांधलं. मी वीट ठेवली. तीसच्या वेगाने यायचं, विटेपाशी पाय दाबायचा. वायर ढिली असताना गाडी चौदा पावलांवर थांबली. मिस्त्रीने सांगितलं होतं तसा नट आवळला, तर नऊ पावलांवर. त्याने पावलं स्वतः मोजली, माझ्यावर विश्वास न ठेवता.

मग तो मैदानाच्या कडेच्या खडीकडे वळला. वळताना हळूच ब्रेकवर पाय ठेवून दाखवला, अगदी चालण्याच्या वेगात. हँडल लचकलं, त्याने पाय टेकून सावरलं. म्हणजे तो उगाच घाबरला नव्हता. दुसऱ्यांदा त्याने सरळ असतानाच वेग कमी केला, पाय उचलला आणि नुसता वळला. काही झालं नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सातव्यांदा पाय सवयीने परत ब्रेकवर गेला आणि लेक लांबून ओरडली, "बाबा, पैर!"

"दिसतंय मला!"

"नहीं दिख रहा, ठेवला तुम्ही!"

तासाभराने तो आमच्याजवळ येऊन थांबला. घामाघूम झाला होता. खडी तशीच होती, पन्नाशी उलटलेला पायही तोच. यादीतली एकही ओळ खोडली गेली नव्हती.

लेकीने हेल्मेट घातलं आणि न विचारता मागे बसली.

"उतर," तो म्हणाला. "अजून सवय नीट बसली नाहीये."

"मैं देखती रहूँगी ना पैर. मागून नीट दिसतं."

त्याने गाडी सुरू केली, खडीच्या अलीकडे सरळ रेषेत वेग उतरवला, पाय उचलला आणि तिला घेऊन वळला. परत आला तेव्हा तिला विचारत होता, "उद्या पहिला तास कितीचा?"