सत्तारभाईंचा अंगठा आणि माझा कलप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे पुढं माझी फजिती ऐकताना तुमची तोंडं बघायला नकोत. शहागंजात माझं केस कापायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वस्तऱ्यानं कुणाचा गाल कापला नाही. एका माणसाचा गाल बिघडवला, तो नुसत्या अकलेनं.

सत्तारभाई माझं जुनं गिऱ्हाईक. कारखान्यात प्रेसखाली त्यांचा डावा हात मनगटापासून गेला, त्याला वर्ष झालं होतं. शेंद्र्याच्या एका कंपनीत त्यांची मुलाखत ठरली होती. बसून माल तपासायचं काम, एका हातानं जमेल असं. वर्षभरात आलेली ही पहिलीच संधी, म्हणून आदल्या दिवशी ते दाढीला आले.

साबण घेतला, डाव्या गालावर ब्रश फिरवला, तर माणूस खुर्चीत ताठ!

"दत्ता, अंगठा खाजवला का रे माझा?"

"कुठला अंगठा?"

"डावा."

मी बाहीच्या टोकाकडं बघितलं. तिथं अंगठा असेल कसा?

"परत कर," ते म्हणाले. मी केलं. "व्हय, अंगठाच. अल्ला कसम! वर्ष झालं, नसलेला अंगठा लई खाजतो. बायकोला सांगितलं तर रडती, भावाला सांगितलं तर हसतो. आज पहिल्यांदा बरं वाटलं बघ."

आता मला सांगा, हे ऐकून कुणाला दाढी सुचेल? मी त्यांना डोळे मिटायला लावले. हनुवटीजवळ तुरटी टेकवली.

"करंगळी."

ओठावर टेकवली.

"पहिलं बोट."

गालावर गार पाणी सोडलं.

"अंगठ्यावरून पाणी चाललंय."

गुपचूप कपाळाला बोट लावलं.

"कपाळ. परीक्षा घेतो का माझी?"

मला तर काय करू आणि काय नको असं झालं. म्हटलं, घरी भाभींना कुठं खाजवायचं ते कळायला नको का? खुणा करून देऊ. हाताशी काय होतं? कलपाची वाटी! बारीक ब्रशनं एकेक बोट विचारत पाच ठिपके दिले आणि कौतुकानं चांगली दहा मिनिटं बघत बसलो.

गिऱ्हाइकाच्या कपाळाला डाग पडू नये म्हणून बावीस वर्षं व्हॅसलीन लावणारा मी! आठवलं तेव्हा ठिपके कोळशासारखे काळे झाले होते. साबण झाला, लिंबू झालं, टूथपेस्ट झाली. जोर लावून घासायला लागलो तर सत्तारभाई ओरडले, "अरे, अंगठा सोलतो काय माझा!"

मी फडकं खाली ठेवलं. या माणसाची नोकरी मी खाल्ली, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. मला मान वर करवेना.

"साहेब म्हणाले, तोंडाला काय झालं. मी खरं तेच सांगितलं. त्यांनी कंपनीच्या डॉक्टरला बोलावलं. तो तर खुर्ची ओढून समोरच बसला. म्हणतो, मेंदूत हाताचं आणि तोंडाचं शेत शेजारी-शेजारी असतं. हाताचं पडीक पडलं की तोंड बांध कोरून आत घुसतं."

"आणि नोकरी?"

"मिळाली."

मी लगेच दोन चहा सांगितले. देवाशपथ, डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं. फोटो त्याच दिवशी काढलेला, पाच ठिपक्यांसकट.

ठिपके आठवड्यात गेले. मग गेटवरचा वॉचमन रोज अडवायला लागला, फोटोतला माणूस तुम्ही नाही म्हणून. नवं कार्ड मागितलं की ऑफिसातून एकच उत्तर, होईल, होईल. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी सत्तारभाईंच्या तोंडावर ठिपके देतो, अर्थात फुकट.

मागच्या सोमवारी नीट तपासलं, तर करंगळी मी पहिल्याच दिवशी बोटभर खाली काढली होती. म्हटलं, आता तरी योग्य जागी काढू. सत्तारभाईंनी माझा हात धरला.

"चूक तशीच काढ," ते म्हणाले. "कार्डावर तशीच हाय."