शिल्लक न्हाय म्हणायचं न्हाय

त्या दिवशी शिरोली एमआयडीसीतल्या ठेकेदाराच्या हापिसात कोण कोण हुतं ते आदी सांगतो, म्हंजे मागनं कुणी उठून मीबी तितं हुतो म्हणाय नगं. खुर्चीत मोठा ठेकेदार शेठ, त्याच्या बाजूला कागद घिऊन त्याचा क्लार्क सुहास, दारातल्या पायरीवर आमच्यातली गंगव्वा, भिंतीला टेकून मी, आन् मदोमद, खुर्ची दिली तरी फरशीवर मांडी घालून बसलेल्या आमच्या वन्सं. वन्सं म्हंजे माज्या मालकांची धाकटी भैण. आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात त्यांच्याएवढी हट्टी बाई झाली न्हाय, आन् होणारबी न्हाय. हट्टी लई बगितली. पर जिच्या हट्टानं दुसऱ्याच्या घरात चूल पेटली अशी ही एकच.

दिसाय काटकुळ्या, वाऱ्यानं उडून जातील अशा. आवाज मात्र असा की पंचगंगेच्या हिकडच्या काठाला बोलल्या तर तिकडच्या काठाची म्हस मान वळवून बगायची. लुगड्यावरनं माज्या मालकांचा जुना शर्ट घालायच्या. मालक गेल्यावर मी तो शर्ट बोहारणीला द्याय काढला, तर हातातनं वडून घेतला आन् म्हणाल्या, "वैनी, खिसं चांगलं हायती की." त्या खिशात सुपारी, भिंत सरळ हाय का बगायचा ओळंबा, खडूचा तुकडा, कुणाच्या तरी पोराला द्याय ठिवलेली लिमलेटची गोळी, सगळं एकमेकाला चिकटून असायचं. समोर कलेक्टर असू दे न्हायतर कंडक्टर, वन्संला सगळी 'पावणं'च. एकदा चंदगडच्या यष्टीत कंडक्टर म्हणाला, "जागा शिल्लक न्हाय." झालं! वन्संनी दाराची दांडी धरली. "असं म्हणू ने पावणं. भरल्या गाडीला असं बोलू ने. मागनं या म्हणा, बगू म्हणा, पर न्हाय म्हणू नगा." ड्रायव्हर हॉर्न मारतोय, माणसं वराडत्यात, ह्या दांडी सोडंनात. शेवटी कंडक्टर म्हणाला, "बरं बाई, हाय शिल्लक, चडा!" मग आमी सगळ्याजणी पाट्या-फावड्यांसकट चडलो. जागा काय वाडली न्हवती, एकमेकीच्या मांडीवर बसून गेलो. पर वन्संचं समाधान झालं.

आता हे खूळ त्यांचं एकटीचं न्हवं. बांगडी फुटली असं कुठली बाई म्हणत न्हाय, वाडवली म्हणत्यात. दिवा इझला म्हणत न्हाईत. डब्यातलं तांदूळ संपलं असं तोंडानं काडत न्हाईत. हे आमच्या सगळ्यांच्याच घरात. पर वन्संनी ते सिमेंट, वाळू आन् डिझेलपतुर नेलं. सांजच्याला काम सुटताना घमेल्यात मूठभर सिमेंटचा माल ठिवल्याबिगर त्यांचा पाय निघायचा न्हाय. सकाळी तो माल दगडावाणी घट्ट. बाळू गवंडी छिन्नी घिऊन घमेलं ठोकत बसायचा आन् म्हणायचा, "आक्का, ह्या घमेल्याचा पाटा झालाय, आता मसाला वाटा ह्याच्यावर." ह्या म्हणायच्या, "वाटू की, मटान तू आण." एकदा घाटात डंपरवाला म्हणाला, डिझेल संपलं. वन्सं खाली उतरल्या आन् भर पावसात चालाय लागल्या. असं बोलल्याल्या गाडीत बसणार न्हाय! डिझेल घिऊन डंपर मागनं आला तरी चडल्या न्हाईत. डंपर पुढं गेला, आन् आमी पोचल्यावर तासानं ह्या चिखलानं भरून आल्या आन् पयलं काय बोलल्या, तर "च्या हाय का गं थोडा शिल्लक?"

मी ह्यांच्या हाताखाली कशी आलो ते सांगाय पायजे. मालक गेलं तवा पदरात दोन पोरं. वन्संला सासरच्यांनी आदीच लावून दिल्याली, त्या आमच्याकडंच. दिवस घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माज्यापुढं पाटी ठिवली. "रडाय कोण नगं म्हणत न्हाय वैनी. पर चालत चालत रडा." मी गेलो. दगूड फोडला, खडी वाहिली. हाताची कातडी गेली, परत आली. त्यात काय सांगायचं, सगळ्याच बायका करत हुत्या.

हळूहळू वन्संनी बायकांची टोळी जमवली आन् पोटठेका घ्याय लागल्या. म्हंजे कसं, की मोठा ठेकेदार सरकारकडनं रस्ता घेतो, त्यातलं भिंतीचं काम दुसऱ्याला देतो. तो दुसरा पोटठेकेदार. सरकार त्याला वळखत न्हाय. काय मागायचं ते मोठ्याकडं मागायचं, मोठ्यानं सरकारकडं मागायचं.

चंदगडच्या घाटात अशी एक दगडी भिंत आमी बांदली. तितला पाऊस म्हंजे आभाळ फाटल्यालं. डोस्क्यावर पोत्याची खोळ, पायाला जळवा. निम्म्याच्या वर भिंत झाली आन् सरकारी सायेब छत्री घिऊन आला. बगितलं, मान हालवली, म्हणाला, "भिंत रस्त्यात आली. मागं घ्या."

वन्सं म्हणाल्या, "पावणं, तुमीच आखून दिल्याली की!"

"घ्या हो मागं. त्याचं नंतर बघू."

ठेकेदार म्हणाला घ्या. मग घेतली. बांदल्याली भिंत पाडायची, त्योच दगूड उचलायचा, मागं खणायचं, परत बांदायची. ह्या पाडापाडीत गंगव्वाच्या करंगळीवर दगूड आला. ती बेळगावकडची, आमच्या टोळीत सगळ्यात गप. बोट गेलं, पर तिनं फडकं बांदलं आन् दुसऱ्या दिवशी पाटी उचलली. त्या दिवशी वन्संनी सगळ्या बायकांस्नी गोळा करून सांगितलं, "ही भिंत आपुन दोनदा बांदली. दुसऱ्या खेपंच्या हजेरीचं पैसं मी देणार. आज न्हाय. पर बुडवणार न्हाय." 'न्हाय' असं त्या कवा बोलत न्हवत्या. बायकांनी मान डोलावली. कुणी कुणी मनात सोडूनबी दिलं असंल. मी सोडलं हुतं.

तर तो हापिसातला दिवस. दिवाळी तोंडावर. पयल्या भिंतीचं बिल घ्याय गेलतो. ठेकेदार म्हणाला, "मागं घेतलेल्या कामाचं सरकार देत न्हाय. मी दावा टाकणार हाय. आलं तर तुला दीन. पर आदी ह्या कागदावर सही कर, मग चेक."

सुहासनं वाचलं. "माझे सर्व येणे मला पोचले असून, यापुढे ठेकेदाराकडे माझे काहीही शिल्लक नाही."

"थांब," वन्सं म्हणाल्या. "शेवटी काय म्हणालास?"

"काहीही शिल्लक नाही."

"परत नगं म्हणूस! आई हाय न्हवं घरात तुज्या? सणाच्या तोंडावर असं बोलत्यात व्हय रं?"

"मावशी, ही पद्धत असते. पाइपवाल्यानं केली, खडीवाल्यानं केली. सगळेच करतात."

"करू देत. त्यांच्या घरात बाईमाणूस नसंल."

ठेकेदार तापला. "ए बाई, सही न्हाय तर चेक न्हाय. मलाबी माझं बिल काडायचं हाय, तुम्हा सगळ्यांच्या सह्या लागत्यात मला."

तवा पायरीवरनं गंगव्वा बोलली. तिची लेक बाळातपणाला आल्याली, तिला गावाला जायचं हुतं. "ब्याड, अक्का," ती म्हणाली. ब्याड म्हंजे नगं. "सही कर. हाय ते घिऊ. मी जातो माज्या लेकीकडं."

वन्संनी तिच्याकडं बगितलं. तिच्या हाताकडं बगितलं. खिशातनं सुपारी काडली, परत ठिवली. मला वाटलं, करत्यात आता सही. मग सुहासला म्हणाल्या, "बाळा, त्या वळीच्या खाली लिव. भिंत मागं घेतल्याल्या कामाचं तेवडं शिल्लक हाय. एवडं लिव, मी सही करतो."

सुहासनं शेठकडं बगितलं. शेठनं डोस्क्याला हात लावला. "लिही बाबा, न्हायतर हितंच मुक्काम करंल. कोण वाचतंय ते!"

लिवलं. वन्संनी जीभ बाहीर काडून एकेक अक्षर काडलं, वरची रेघ निम्मीच मारली. सुहास म्हणाला, "मावशी, रेघ राहिली." म्हणाल्या, "राहू दे की."

चेक घेतला, पयली हजेरी वाटली, गंगव्वा लेकीकडं गेली. टोळी पांगली. दोनचार दिवाळ्या गेल्या. मग एक दिवस ठेकेदाराची गाडी आमच्या दारात. हातात पेढं! वन्संला म्हणाला, "आक्का, कोल्हापुरात लवादापुढं याय लागतंय." लवाद म्हंजे दोघांच्या भांडणात मदी बसून निकाल देणारा. ह्यो रिटायर जज हुता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

सरकारचा वकील उभा राहिला. म्हणाला, ठेकेदार पोटठेकेदारांच्या नावानं पैसं मागतोय, पर पोटठेकेदारांनी तर ठेकेदाराला मोकळं केलंय. हा कागद बगा, काहीही शिल्लक नाही. ठेकेदार त्यांचं काय देणंच लागत न्हाय, तर सरकारनं कुणासाठी द्यायचं? पाइपवाल्याचं तितंच मिटलं. खडीवाल्याचं मिटलं. मग वन्संचा कागद निघाला, आन् ठेकेदाराच्या वकिलानं त्या खालच्या वळीवर बोट ठिवलं. भिंत मागं घेतल्याली सरकारला न्हाय म्हणता येत न्हवतं, ती घाटात उभीच हुती.

जजनं चष्मा वर केला. "बाई, ही ओळ तुम्हाला कुठल्या वकिलानं सुचवली?"

"वकील परवडतोय व्हय पावणं?"

मी डोळं मिटून घेतलं. जजला पावणं!

"मग का लिहायला लावलीत?"

"ज्या घरात चार तोंडं जेवत्यात तितल्या बाईनं शिल्लक न्हाय म्हणू ने पावणं. कायदा मला ठावं न्हाय. पर भिंत दोनदा बांदल्याली खरी हाय. ह्या वैनीस्नी इचारा."

जजनं मला काय इचारलं न्हाय. चष्मा काडून पुसला आन् कागद परत वाचला. निकाल आमच्या भिंतीपुरता आमच्या बाजूनं लागला. बाहीर ठेकेदाराचा वकील मला म्हणाला, ती वळ नसती तर आजी, तुमचंबी पाइपवाल्यासारखंच झालं असतं. वन्सं तवर ठेकेदाराच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या हुत्या. चेक मिळंस्तवर उतरणार न्हाय म्हणाल्या. त्याची बायको दुसऱ्या दिवशी म्हेरला जाणार हुती, तिला यष्टीनं जावं लागलं.

पैसं आलं. मग वन्सं गावोगाव हिंडल्या. कोण हुपरीला चांदीच्या कामाला लागल्याली, कोण ऊसतोडीला गेल्याली, कोण मेल्याली, तिच्या सुनंच्या हातात दिलं. बायकांना खरंच वाटायचं न्हाय. एकीनं तर दारच लावून घेतलं, तिला वाटलं वन्सं उसनं मागाय आल्या.

गंगव्वा तेवडी घावली न्हाय. तिच्या गावात घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीसंगं गेली, कुटं ते म्हाईत न्हाय. वन्सं तीनदा जाऊन आल्या. मागनं त्यांचं गुडघं गेलं, मग दम लागाय लागला, आवाज बारीक झाला. एवडा बारीक की शेवटी कान लावाय लागायचा. दारात कुणाची चाहूल लागली की म्हणायच्या, "वैनी, बगा की, गंगव्वा असंल." मी उठून बगायचो. दूधवाला असायचा. "न्हाय वन्सं, दूधवाला." "बरं," म्हणायच्या.

एका सकाळी त्यांनी काय इचारलं न्हाय.

मी आता थकलोय. पोरं चांगली हायती, पर मी गेल्यावर ह्या कामात कोण हिंडंल हे मला सांगता येत न्हाय. म्हणून वाचणाऱ्या माणसा, तुला एवडंच मागणं. बेळगावकडची गंगव्वा, हनवटीवर गोंदण, डाव्या हाताची करंगळी न्हाय, कन्नड मिसळून बोलती, हसताना तोंडावर हात ठिवती. कुटं भेटली तर तिला सांग, तुझी हजेरी आलीया. अक्का न्हाईत, वैनी हाय. ये आन् घिऊन जा.